काकांच्या हातानं निघालेलं गाणं

आमच्या बँडचं एकच गाणं निघालं. पुढचं निघालं नाही आणि आता निघणारही नाही, म्हणून कोणी "नवीन काय चालू आहे?" असं विचारलं की माझं डोकं सरकतं. विचारणाऱ्याची काही चूक नसते. त्याला ते गाणं आवडलेलं असतं, आणि आवडलं हे पटवायला तो त्यातल्या दोन ओळी माझ्यासमोर म्हणूनही दाखवतो. नेमक्या त्याच दोन ओळी. मी हसतो. दुसरं काय करणार!

आम्ही तिघं होतो. मी गायचो आणि बेस वाजवायचो. गिटारवाला दारव्ह्याचा, लॅपटॉप, माइक आणि थोडीफार जी अक्कल होती ती त्याच्याकडं. ड्रमवाला माझ्याच गावचा, पहिलीपासूनचा दोस्त, जयंतीच्या मिरवणुकीत वाजवून वाजवून हात तयार झालेला. आमचं गाव दिग्रसपासून काळीपिवळीनं अर्ध्या तासावर, आणि अशा गावात आम्ही म्हणे अल्टरनेटिव्ह रॉक करून राह्यलो होतो. लोकांनी विचारलं, "म्हणजे डीजे का?" डीजे नाही म्हटल्यावर लोकांना आमच्यात काही रस उरला नाही.

एका माणसाला मात्र उरला. तो म्हणजे ड्रमवाल्याचे वडील. मी त्यांना काका म्हणायचो. फाट्यावरच्या कृषी केंद्रात ते काऊंटरवर असत. मालक दिग्रसला राहायचा, आठवड्यातून एकदा गाडीनं येऊन तोंड दाखवून जायचा. बाकी दुकान म्हणजे काका. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं त्यांच्या हातून जायचं. दुकानामागचं गोदाम हंगाम सोडून रिकामं पडलेलं असे, ते काकांनी मालकाच्या हातापाया पडून आम्हाला प्रॅक्टिससाठी मिळवून दिलं. तिथं औषधाचा असा वास मारायचा की तासाभरात डोकं धरायचं. पण दुसरीकडं आम्हाला कोण उभं करत होतं? आम्ही लाजून आवाज कमी ठेवला की काका दारातून डोकावून म्हणत, "काहून बे, उपाशी आहा का? वाढवा ना थोडा, काऊंटरवर काहीच आयकू येत नाही." असा माणूस! माझ्या स्वतःच्या घरात गिटारीला "ते टुणटुणं" म्हणायचे.

गाण्याचे शब्द माझे नव्हते, ते पोळ्याच्या झडतीतले होते. आमच्याकडं पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली रांगेनं उभे करतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. एक जण खड्या आवाजात चार ओळी म्हणतो, त्यात कोणाची तरी मस्त उतरवतो, आणि सगळं गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडतं. सरपंचाची उतरवतात, सावकाराची उतरवतात, जावयाची तर हमखास. यात नियम आहेत, ते कोणी बसवून शिकवत नाही. ज्याची म्हणायची तो समोर उभा पाहिजे. पाठीमागं म्हणायची नाही. ज्याच्यावर म्हटली त्यानं हसायचं. चिडला तर मेलाच, वर्षभर गाव त्याला सोडत नाही. आणि तोरण तुटून बैल घरोघर गेले की झडती संपली. दुसऱ्या दिवशी ती कोणी त्याच्या तोंडावर म्हणत नाही. म्हटली तर म्हणणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात.

त्या वर्षी अळीनं सगळ्यांचा जीव खाल्ला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीपर्यंत वाढलेली आणि बोंडं आतून पोखरलेली. मालकानं सांगितलं म्हणून काका गिऱ्हाइकाला दोन औषधं एकत्र करून मारायला सांगत. बऱ्याच लोकांना चक्कर आली, उलट्या झाल्या, दोन दिवस डोळे चुरचुरले, पण मेलं कोणी नाही. म्हणून ते हसण्यावारी गेलं. काकांच्या घरी बैल नव्हते, तरी पोळ्याला ते पांढरा शर्ट घालून शाळेच्या कंपाउंडजवळ येऊन उभे राहत. आमच्या भावकीतल्या एका बुढ्यानं त्यांना तिथं बरोब्बर हेरलं आणि सुरू केलं:

"डब्ब्यात डब्बा, डब्ब्यात पाणी,
काऊंटरवाल्याची आयका कहाणी;
एक बाटली अळीले, एक बाटली बोंडाले,
तिसरी मांगली त म्हणे, लाव थोडी तोंडाले!"

गाव लोटपोट झालं. काकांनी दोन्ही हात जोडून डोक्याच्या वर नेले आणि सगळ्यात जास्त तेच हसले. तोंडाला लावायचं काही त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, ते बुढ्यानं यमक जुळवायला घातलं होतं. हे प्रत्येकाला कळत होतं.

आता याच्या पुढचं नीट ऐका, कारण माझं सगळं पाप इथं आहे. पुढच्याच आठवड्यात काकांनी खताच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, त्यावर निळ्या मार्करनं "दोन औषधे एकत्र करून मारू नये" असं लिहिलं आणि सुतळीनं काऊंटरवर टांगलं. मालक आला, बोंबलला. काका म्हणाले, "राहू द्या ना साहेब, तोरणाखाली झाली माह्यी." पुठ्ठा तिथंच राहिला. त्या दिवसापासून वर्षभर काकांनी एकाही माणसाला औषध मिसळायला सांगितलं नाही. झडतीनं जे काम करायचं असतं ते तिनं केलं होतं. आणि हे मला माहीत होतं, पुठ्ठा टांगताना स्टूल मीच धरलं होतं.

तरी मी त्या चार ओळी उचलल्या. काहून? तर "तोंडाले" या शब्दावर ड्रमचा ठोका असा बसायचा की अंगावर काटा यायचा. बस, एवढंच कारण. मी काकांना विचारलंसुद्धा. गोदामात, चहा पिताना. "काका, तुमची झडती गाण्यात घेऊ का?" काका हसले. म्हणाले, "घ्या ना. माह्यं काय जाते." मला परवानगी मिळाली. नंतर ड्रमवाला स्टिकांशी खेळत हळूच म्हणाला, "बाबा हसले म्हणजे हो म्हणले असं नाही बे." मी त्याला म्हणालो, "जास्त शहाणा नको बनू." माझ्या घरची पंधरा एकर जमीन होती, भावकी होती, माझ्या बाबांवर झडती झाली तर ते हसायचे आणि विसरायचे. काकांच्या हसण्याचा अर्थ मी आमच्या घरच्या हसण्यावरून लावला. जय भीमवाल्या घरातल्या, एकट्या पगारावरच्या माणसाला गावासमोर हसावंच लागतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात गाणं तयार झालं, पण सुरुवात काही सापडेना. गिटारवाला म्हणाला, फवारणीच्या पंपाचा आवाज घेऊ, खराखुरा. एका सोमवारी सकाळी मी आणि ड्रमवाला रेकॉर्डर घेऊन आमच्या वावरात गेलो. आमच्याकडं दर वर्षी फवारा मारायला तांड्यावरचा एक माणूस यायचा, चाळिशीचा, सडसडीत, कायम बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी गुणगुणणारा. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा. माइक पाहून तो असा खूश झाला! "टीव्हीवर येईन का रे माह्या पंपाचा आवाज?" ड्रमवाल्यानं कानाला हेडफोन लावले, मी काठीला माइक बांधून त्याच्यामागं चालायला लागलो.

पंप भरताना बाबा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आले. आदल्या दिवशी त्यालाच सोबत नेऊन त्यांनी काकांच्या दुकानातून दोन बाटल्या आणल्या होत्या. माइक चालूच होता.

"दोन्ही ओत," बाबा म्हणाले. "एकाच फेरीत होऊन जाईन."

"भाऊ, काऊंटरवाला त म्हणे येगयेगळे मारा. दोन दिवस आड."

"त्याले काय जाते सांगाले? पाणी येऊन राह्यलं. ओत तू."

त्यानं ओतलं. मी बाबांवर चिडलो, हे खरं आहे. पण औषधावरून नाही. मधे बोलून आवाज खराब केला म्हणून चिडलो. "बाबा, दोन मिनिटं गप बसा ना!" असं मी ओरडलो, आणि तेही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. आहे म्हणजे होतं.

बुधवारी त्या माणसाला यवतमाळला नेलं. डोळ्याला दिसेना, घाम थांबेना. गावातून आणखी दोघं भरती होते, दुसऱ्या गावांतून तर किती आले होते कोण जाणे, पण ते दोघं तिसऱ्या दिवशी घरी आले. हाही येईल असं सगळे धरून चालले. आम्ही तर फारच धरून चाललो, कारण शुक्रवारी गाणं इंटरनेटवर काढायचं ठरलं होतं. ड्रमवाला म्हणाला, आठ दिवस थांबू. मी म्हणालो, तो बरा होऊन येईल आणि पहिलं त्यालाच ऐकवू.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गिटारवाल्याच्या घरी, दारव्ह्याला, लॅपटॉपसमोर नारळ फोडला. त्याच्या आईनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. काका मालकाकडून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन जीपनं आले होते, सोबत चिवड्याची पिशवी. तोच पांढरा शर्ट. आपल्याकडं काही सुरू करायचं तर वडीलधाऱ्याच्या हातानं करतात, म्हणून मीच म्हणालो, "काका, बटन तुम्ही दाबा." ते मागं सरले. "माह्या हातानं कायले? मले कुठी समजते त्यातलं." आम्ही ऐकलं नाही. ओढूनच आणलं. त्यांनी एका बोटानं, घाबरत, बटन दाबलं आणि गाणं निघालं. सुरुवातीला पंपाचा अकरा सेकंद आवाज, मग ड्रम, मग मी. काकांनी पूर्ण ऐकलं. त्यांची ओळ आली तेव्हा हसले. संपल्यावर ड्रमवाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाजवतं ना बावा पोट्टं!" त्यांचे डोळे भरले होते. मी तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो की सांगायची सोय नाही.

रविवारी तो फवारणीवाला गेला.

आणि गाणं पळायला लागलं. शुक्रवार-शनिवारी आमची मामा-मावश्यांची पोरं सोडून कोणी ऐकलं नव्हतं. सोमवारी ते जिल्हाभर झालं. दिग्रसच्या मोबाईलच्या दुकानांत मेमरी कार्डात भरून द्यायला लागले, जीपवाले लावायला लागले, मोर्च्यात वाजलं. कोणाला वाटलं आम्ही त्या मरणावर गाणं केलं. आम्हीही तसं वाटू दिलं. पोळ्याला जी ओळ गंमत होती तीच आता लोक दात-ओठ खाऊन म्हणत होते. "लाव थोडी तोंडाले!" मी रोज किती लोकांनी ऐकलं ते बघायचो. एक माणूस मेला होता, आमच्या वावरात फवारा मारून मेला होता, आणि मी आकडा बघून पोटातून सुखावत होतो. लाज वाटते लिहायला, पण तसंच होतं.

कॅमेरावाले आले. मला धुऱ्यावर उभं केलं, मागं पऱ्हाटी. एका बाईनं विचारलं, हा काऊंटरवाला खरंच आहे का? मी छाती काढून म्हणालो, "आमच्या गावचीच झडती आहे. गावात कोणालाही विचारा, सांगतील." त्यांनी विचारलं. गावानं सांगितलं. गावाला काय, त्यानं झडतीतला माणूस दाखवला.

दुसऱ्या दिवशी मालक सकाळीच येऊन बसला. पहिलं काम त्यानं तो पुठ्ठा काढून नेला. मग पोलिसांना जबाब दिला की मिसळायचं आपण कधीच सांगितलं नाही, काऊंटरवरचा माणूस परस्पर सांगायचा, आणि हे उभ्या गावाला ठाऊक आहे, गाणंच आहे त्यावर. काकांना दुकानातूनच नेलं. ठाण्यात साहेबानं मोबाईलवर गाणं लावलं आणि विचारलं, तोंडाला लाव असं कोणाकोणाला म्हणाला होतास? काका सांगत राहिले, "साहेब, ते पोळ्याचं आहे. ते तेवढ्यापुरतं असते." साहेब कुठला तरी दूरचा, त्याला झडती म्हणजे घरझडती एवढंच माहीत. काकांनी त्याला तोरण, बैल, बुढा, सगळं समजावलं म्हणे. जितकं समजावलं तितकं त्याला वाटलं की हा स्वतःच कबूल होऊन राह्यला.

बाबांकडंही पोलीस आले होते. ओट्यावरच्या बाजेवर बाबा बसले, मी त्यांच्याशेजारी. बाबा म्हणाले, "दुकानातून जसं सांगितलं तसं मारलं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. सही केली. पोलीस गेल्यावर ते उठून बैलांकडं गेले आणि जेवायला आले नाहीत. आईनं दोनदा हाक मारली. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलो नाही.

ते पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. गाण्यात फक्त अकरा सेकंद घेतले होते. बाकीचं कार्डात तसंच होतं, बाबांच्या आवाजासकट, त्या मेलेल्या माणसाच्या आवाजासकट. "काऊंटरवाला त म्हणे येगयेगळे मारा." एवढं एक वाक्य साहेबाला ऐकवलं असतं तर काका घरी आले असते. आणि बाबा आत गेले असते. मी चार दिवस ते कार्ड खिशात घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी दिग्रसच्या बसस्टँडवर, भर दुपारी, बाकावर बसून मी ते गिटारवाल्याकडून मागून आणलेल्या लॅपटॉपला लावलं. एकदा पूर्ण ऐकलं. मग पुसलं. पुसलेलं परत येऊ नये म्हणून त्याच्यावर आमची जुनी प्रॅक्टिस भरली, कार्ड गच्च होईपर्यंत. बाबांनी मला पूस म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना कार्डाचं ठाऊकच नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी बापाचं ऐकलं.

काका बावीस दिवसांनी जामिनावर सुटले. केस पुढं वर्षानुवर्षं लोंबत राहिली. दुकानानं त्यांना घेतलं नाही, दुसऱ्या कोणीही घेतलं नाही. ते बाजाराला निघाले की शाळेतली पोरं मागून आमची ओळ म्हणायची, माझ्याच चालीत. काकांनी बाजाराला जाणं सोडलं. गाणं आम्ही इंटरनेटवरून काढलं होतं, पण मेमरी कार्डातून ते कसं काढणार? ज्याच्या-त्याच्या खिशात होतं. त्या वर्षीपासून काका पोळ्यालाही आले नाहीत. मी त्यांच्या घरी एकदा गेलतो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले, "नवीन काही बसवलं का नाही?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "बसवा. बंद नका करू." याच्यापेक्षा त्यांनी मला जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

जामिनानंतरच्या कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधी ड्रमवाला आमच्या घरी आला. सकाळची वेळ, बाबा वावरात गेलेले. तो आत आला नाही, ओट्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "वकील म्हणते काही पुरावा असन त आणा. त्या सोमवारचं रेकॉर्डिंग पाहिजे. पूर्णवालं."

मी तयारच होतो. म्हणालो, "कार्ड खराब झालं बे. मी तुला सांगणारच होतो. पंपाचा तुकडा काढला आणि मग ते उघडलंच नाही."

तो पायरीवरची माती नखानं खरवडत बसला. मी उगाच बोलत सुटलो, दारव्ह्याला दाखवलं, गिटारवाल्यानंही प्रयत्न केला, स्वस्तातलं कार्ड होतं. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्यानं वर पाहिलं.

"हेडफोन माह्या कानावर होता," तो म्हणाला.

म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. इतके दिवस तो ते पोटात ठेवून होता. बाप आत असताना बावीस दिवस त्यानं वाट पाहिली की मी आपणहून काहीतरी बोलेन. आणि मी निर्लज्ज इतका की मी त्याला म्हणालो, "मग तूच सांग ना कोर्टात. तू त ऐकलं."

"मी त्याचा पोरगा आहे. बापासाठी पोरगा खोटंच बोलते म्हणतीन. माह्यं कोण धरीन?" त्यानं हात झटकले आणि उभा राहिला. "तुह्यं धरलं असतं."

एवढं म्हणून तो गेला. चिडला नाही, शिवी दिली नाही, चालत गेला. आई आतून दोन कप चहा घेऊन आली आणि म्हणाली, अरे, तो कुठं गेला चहा न घेता? मी म्हणालो, त्याला घाई होती.